नोटीस बोर्डापुढं उभ्या असलेल्या आठवीच्या पोरांसाठी

जून संपत आला की आमच्या ऑफिसच्या खिडकीशी गर्दी वाढते. बोनाफाईड, पास, आधारमधली दुरुस्ती हे रोजचंच. त्यात आठवीत नव्यानं आलेली पोरं वेगळेच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, एनसीसी घेऊ का स्काऊट?" "मॅडम, चित्रकलेच्या एलिमेंटरीला बसलं की मार्क वाढतात ना?" सातवीपर्यंत चार खोल्यांच्या शाळेत शिकलेल्या पोराला हायस्कूलचा नोटीस बोर्ड बघून सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत शिरल्यासारखं होतं. सगळंच घ्यावंसं वाटतं आणि खिशात पैसे ठरलेले.

मी शिक्षिका नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका हायस्कुलात लिपिक आहे. पण कुणी कशात नाव घातलं, कोण टिकलं, कोण दिवाळीआधीच गळालं आणि दहावीत वाढीव गुणांसाठी कुणाच्या प्रस्तावाला कोणते कागद जोडले, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. तेवढ्या अधिकारावर सांगते.

आधी आठवडा मांड

वहीच्या मागच्या पानावर सोमवार ते रविवार असे रकाने पाड. शाळा भर, क्लास असेल तर तो भर. मग घरचं काम भर, आणि इथं खोटं लिहू नको. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस हंड्या-पिंपांपाशी अडकतं. बऱ्याच घरांत ते माणूस म्हणजे आठवी-नववीतलं पोरगं नाहीतर पोरगी. आई विड्या वळत असेल तर माल देऊन पान-तंबाखू आणायला कोण जातं? धाकट्याला शाळेतून कोण आणतं? तेही लिही.

एवढं भरल्यावर जे मोकळं राहील तेच तुझं भांडवल. बहुतेकांचं दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ एवढंच निघतं. रोज पहाटे ग्राऊंड मागणारा खेळ त्यात बसत नसेल तर तो कितीही आवडला तरी यंदा सोड. पुढच्या वर्षी भाऊ मोठा होईल, तुझी एक वेळ सुटेल, तेव्हा बघता येईल. मी पाहिलेल्या गळतीत आवड कमी पडली म्हणून सुटलेली पोरं थोडी. जास्त करून वेळेचं गणित जमत नाही, चार गैरहजेऱ्या पडतात, मग सरांसमोर जायची लाज वाटते आणि पोरगं मैदानाच्या बाजूनं जायचंच टाळतं.

म्हणून वेळ ठरलेली एकच गोष्ट घे. दुसरी घ्यायचीच असेल तर तिला वेळेचं बंधन नसावं. तिसरी नको.

निवडायचं कसं

नोटीस बोर्डावरच्या प्रत्येक नावापुढं एक प्रश्न लिही: मी आलो नाही, आले नाही, तर तिथं कुणाचं अडतं का?

वक्तृत्व स्पर्धा घे. भाषण सर लिहून देणार, तू पाठ करणार, पाच मिनिटं बोलणार, प्रमाणपत्र मिळणार. तू गेला नाहीस तर यादीतलं पुढचं नाव पुकारतील. मजा म्हणून जरूर जा, भीड चेपते. पण अशा वीस कागदांची फाईल घेऊन दहावीत येणारी पोरं मला माहीत आहेत. "यातलं तुला काय येतं?" म्हटलं की ती फाईलकडंच बघतात.

आता खो-खो बघ. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानावर. आठ जण मधल्या पट्टीवर एकाआड एक उलट-सुलट तोंडं करून बसलेले, एक पळणारा. पळणाऱ्याला मागं वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडून पलीकडं जाता येत नाही. पलीकडं जायचं तर टोकाच्या खांबापर्यंत पळायचं, नाहीतर बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' द्यायचा, मग तो उठणार. म्हणजे जो नुसता उकिडवा बसलाय त्याच्यावरच सगळा डाव. तो झोपेत असला, अर्धवट उठला, 'खो' मिळायच्या आधीच सुटला तर फाऊल. एक जण आला नाही तर त्या संध्याकाळी नीट सरावच होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा संघ त्याला विचारतो, "काय बे, कुठं मेलतास?" हे विचारणारं कुणी असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्षभर पोराला मैदानावर आणतं ते हेच.

एकट्यानं करायच्या गोष्टींनाही हा प्रश्न लागू पडतो, फक्त फिरवून विचारायचा. चित्रकलेत तू बसला नाहीस तर दुसऱ्या कुणाचं अडत नाही. पण सलग तीन आठवडे हात थांबला तर तुझंच अडतं, रेषा लगेच सांगते. ज्यात खाडा कळतच नाही, त्यातून फार काही हाती लागत नाही, असं माझं मत.

एकेक करून

चित्रकलेचं जरा सविस्तर सांगते, कारण विचारणाऱ्यांत हीच पोरं जास्त. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या शासकीय परीक्षा. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे चार पेपर असतात. दहावीत वाढीव गुण मिळतात ते इंटरमिजिएटचे: ए श्रेणीला 7, बी ला 5, सी ला 3. नुसत्या एलिमेंटरीवर काही मिळत नाही, आणि हे ऐकून दरवर्षी चार-दोन चेहरे पडतात. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट हा क्रम धरला तर दहावीचं वर्ष मोकळं राहतं.

पण सात गुणांसाठी दोन वर्षं रंग कालवायचे असतील तर नको. तेवढा वेळ गणिताला दे, जास्त मिळतील. ज्याला वस्तूकडं बघत बसायला आवडतं त्यानं यावं. स्थिरचित्रात मागं कापड लावलेलं असतं, पुढं तांब्या, एखादं फळ, कांदा, असलं काहीतरी. पोरं तांब्या काढतात आणि कापड शेवटी घाईनं फासतात. आमच्याकडं एक पोरगं होतं, घरात यंत्रमाग. ते आधी कापडच बघायचं. घडी कुठं मोडलीय, सावली घडीच्या आत कशी शिरते, टॉवेलची घडी जाड का दिसते आणि चादरीची ताठ का. संकल्पचित्राच्या पेपरला बाकीची पोरं गोल फिरवून फुलं काढत होती. यानं सरळ चौकट धरली, कोपऱ्यात मोर बसवला, उलटा करून समोरच्या कोपऱ्यात टाकला, मध्ये काठ जोडला. मागावर नक्षी विणणाऱ्या जेकार्डवर ती तशीच पुन्हा पुन्हा येते, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्याला चित्रकला आमच्या सरांनी शिकवली हे खरं, पण निम्मी तो घरूनच घेऊन आला होता.

यातून तुझ्या कामाचं काय, तर घरात जे चालतं त्याकडं एकदा नीट बघ. शिवणकाम, माग, भाजीची गाडी, रिक्षा, शेंगाचटणीचं कांडप. त्यातलं काही शाळेतल्या एखाद्या गोष्टीला जोडता आलं तर तू शून्यापासून सुरू करत नाहीस.

इन्स्पायर अवॉर्ड मानकचंही तसंच. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना. कल्पना निवडली गेली तर मॉडेल करायला विद्यार्थ्याच्या बँक खात्यात 10,000 रुपये येतात. कल्पना शाळेमार्फत ऑनलाईन भरावी लागते, आणि खातं तुझ्या नावानं हवं, तेव्हा ते आधी उघड. आता कल्पना. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारी पुठ्ठ्याची क्रेन मी इतक्यांदा पाहिलीय की आता ती दारातून आत येताना ओळखते. त्यापेक्षा नववीतल्या एका पोरीनं विचारलेलं मला आवडलं होतं. त्यांच्या गल्लीत पाणी रात्री-अपरात्री यायचं आणि आई जागत बसायची. तिनं नळाच्या तोंडाखाली वाटी ठेवली, वाटीत दोन उघड्या तारा, पुढं ट्रान्झिस्टर, सेल आणि बझर. वाटीत पाणी पडलं की बझर वाजणार. पहिल्यांदा नळ ठिबकला तरी वाजायचा, मग तिनं वाटीला बारीक भोक पाडलं, म्हणजे ठिबकणारं पाणी निघून जाईल आणि धार लागली तरच वाटी भरेल. त्या भोकासाठी ती आठवडाभर डोकं खाजवत होती. असला आठवडा तुला आवडेल असं वाटत असेल तर विज्ञानाच्या मॅडमना भेट. केगावला विद्यापीठाच्या बाजूला सोलापूर विज्ञान केंद्र आहे, तिथं एकदा जाऊन ये, पण सहलीच्या रांगेतून नको. घरच्या कुणाबरोबर जा, एकाच यंत्रापाशी हवा तेवढा वेळ उभं राहता येतं.

एनसीसी. तुझ्या शाळेला युनिट मिळालेलं असेल तरच. जागा मोजक्या, पळवून-उभं करून निवड. ज्युनियर विभागाला वयाची तेरा वर्षं पूर्ण लागतात, कोर्स दोन वर्षांचा, शेवटी 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा, आणि परेडची हजेरी 75 टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणून वर सांगितलेला आठवड्याचा कागद इथं फार कामाला येतो. गणवेशाच्या हौसेनं आणि परेडनंतरच्या नाश्त्यासाठी बरेच जण येतात, त्यात वाईट काही नाही, मीही त्या वयात आले असते. पण उन्हात खरंच उभं राहावं लागतं. सोलापूरचं ऊन तुला माहीत आहे.

स्काऊट-गाईडमध्ये प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार असं चढत जायचं असतं. प्रत्येक पायरीला काही महिने जावेच लागतात. आठवीत सुरुवात केली तर पोचता येतं. दहावीत जाग येऊन "मॅडम, राज्य पुरस्काराचा फॉर्म द्या" म्हणणाऱ्याला मी फक्त पाणी देऊ शकते.

खेळांचं एक लक्षात ठेव. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात आणि गट जन्मतारखेवरून ठरतो, इयत्तेवरून नाही. आठवीतलं एक पोरगं चौदात खेळतं, शेजारच्या बाकावरचं सतरात जातं आणि तिथं मिशा फुटलेल्या दादांसमोर उभं राहतं. आपल्या शहराच्या स्पर्धा महापालिका क्षेत्राच्या म्हणून ग्रामीण जिल्ह्यापेक्षा वेगळ्या होतात, तिथं जिंकलं की पुणे विभाग, मग राज्य. प्रवेशिका पावसाळ्यातच जातात. त्यामुळं "दिवाळीनंतर बघू" हे उत्तर खेळात चालत नाही. क्रिकेटसाठी पार्क स्टेडियमवर जायचं असेल तर घरच्यांना किटचा खर्च आधी सांग. भारताचे जुने क्रिकेटपटू पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले हे मुलाखत घेतल्यासारखं सांगणारे पालक भेटतात, पण पॅड-ग्लोव्हजचे पैसे उम्रीगर देणार नाहीत. खो-खो, कबड्डी, धावणं याला खर्च नगण्य. आणि खो-खोत तर आपला जिल्हा मागं नाही. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचं नाव या खेळातल्या कुणालाही विचार. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. त्यानंतर आमच्याकडं मुलींची नावं जास्त येऊ लागली, हे माझ्या रजिस्टरात दिसतं.

शाळेबाहेरचंही धर

नोटीस बोर्डावर नाही म्हणून ते 'ॲक्टिव्हिटी' नाही असं समजू नको. आपल्या गावात गणपतीच्या आधी गल्लोगल्ली लेझमाचा सराव सुरू होतो. ताशाच्या ठेक्यावर पन्नास-साठ जणांची ओळ एकदम खाली वाकते आणि एकदम उठते, तेव्हा एकाचा पाय चुकला तर तो रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतो. अंगात ताल बसवायला यापेक्षा चांगला क्लास मला माहीत नाही, आणि फी नाही. अडचण एकच, सराव रात्री. घरी परतायची वेळ आधी ठरव आणि मंडळाच्या दादांना सांगून ठेव, नाहीतर सकाळी पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकतं.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. बाराबंदी हा पारंपरिक पोशाख घालून ते पेलणारे मानकरी एका दिवसात तयार होत नाहीत, सराव यात्रेच्या बराच आधी चालू होतो. तुझ्या घरात ती परंपरा असेल तर शाळेत वर्गशिक्षकांना आधी कळव. लाजू नको, त्याला जेवढी ताकद आणि शिस्त लागते तेवढी कवायतीच्या तासाला लागत नाही.

ज्याला गर्दी नको त्याच्यासाठी पाखरं. हिवाळ्यात हिप्परगा तलावावर आणि विजापूर रोडच्या धर्मवीर संभाजी तलावावर सकाळी लवकर गेलं तर पाणपक्षी दिसतात. बार्शी रोडला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण काळवीट दिसतात. एक वही, एक पेन. तारीख, जागा, किती दिसले, काय करत होते. दोन हिवाळे वही भरली की तुझ्याकडं असं काहीतरी असतं जे वर्गात दुसऱ्या कुणाकडं नाही. पाण्याच्या जवळ एकट्यानं जायचं नाही, एवढं मात्र पाळ.

वाचनालयाचं सभासदत्व हेही त्यातच. हिराचंद नेमचंद वाचनालयात घरच्या मोठ्यांबरोबर जाऊन चौकशी कर.

घरी कसं सांगायचं

"मार्क मिळतात" एवढंच सांगून परवानगी काढू नको. गुणांचे नियम शासन बदलतं, मग घरचे म्हणतात, आता कशाला जातोस? त्यापेक्षा आठवड्याचा तो कागद पुढं ठेव. पाणी कधी भरणार, माल द्यायला कधी जाणार, हे त्यात लिहिलेलं दिसलं की निम्मा विरोध तिथंच मावळतो. आमच्या भागात कितीतरी आयांना मराठीपेक्षा तेलुगू सोयीचं, शाळेची चिठ्ठी त्या बाजूला ठेवतात. त्यांना तेलुगूत समजावून सांग, आणि एकदा सरावाच्या जागी घेऊन जा. सर कोण, बरोबर कोण पोरं आहेत हे डोळ्यांनी पाहिलं की काळजी कमी होते.

पोरींना खरा प्रश्न पडतो तो परत येण्याचा. सहानंतर एकटीनं यायचं म्हटलं की घरातून नाही येतं, आणि त्यात आई-वडिलांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्याच गल्लीतल्या दोघी-तिघी मिळून एकाच खेळात नावं घाला. यामुळं मनासारखा खेळ थोडा बाजूला पडतो हे मला मान्य आहे. पण आवडत्या खेळात महिनाभर जाऊन मग घरी बसवून घेतलेल्यांपेक्षा बरोबरीच्या मैत्रिणींमुळं तीन वर्षं टिकलेल्या पोरी मी जास्त पाहिल्या.

नाव, आणि सोडायचं झालं तर

फॉर्मवर नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तसंच लिही. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तिसरं. दहावीत प्रस्ताव जोडताना हे तिन्ही समोर येतात आणि मग धावपळ. नाव घालायच्या आधी ऑफिसात येऊन रजिस्टरातलं स्पेलिंग वहीवर उतरवून घे. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स. लॅमिनेशन करू नको, त्यावर शिक्का उमटत नाही.

दोन महिने मनापासून जाऊनही जमत नसेल तर सोड, त्यात कमीपणा नाही. पण गायब होऊ नको. संघाची नावं अजून पुढं गेली नसतील तर लगेच सांग, म्हणजे सरांना दुसरं पोरगं घेता येईल. नावं गेली असतील तर ती स्पर्धा खेळून मगच थांब. सरांना समोर जाऊन सांग, मित्राकरवी निरोप नको. सर दोन शब्द बोलतील, ऐकून घे. मग जर्सी धुऊन, बूट पुसून आण, किटच्या रजिस्टरात जमा केल्याची सही घे आणि मोकळा हो.